पर्वती दिसते का?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

तीन जिने चढून आपण सगळे इथवर पोचला आहात.

लिफ्ट बंद असल्याबद्दल संयोजकांनी मघाशी दिलगिरी व्यक्त केली. मला ती बंद लिफ्ट सोयीचीच वाटली. मला जे बोलायचं आहे, त्यातलं निम्मं तुमच्या गुडघ्यांना आधीच कळलं आहे.

समितीनं मला विषय दिला तो असा : ‘शहराच्या मध्यवस्तीत निरीक्षण मनोरा असावा का?’ मी विचारलं, कुठल्या शहराच्या? उत्तर आलं, कुठल्याही. आता, नगररचनेच्या नोकरीत जन्म घालवलेल्या बाईला ‘कुठलंही शहर’ हा शब्द पचत नाही. तसं शहर नकाशावर सापडत नाही. म्हणून मी पुणं घेते, आणि मध्यवस्ती म्हणजे आपल्या पेठा घेते. मनोऱ्याची निविदा निघाली की मग त्याला रंग कुठला द्यायचा, एवढाच प्रश्न लोकांसाठी उरतो. त्यामुळे हा विषय आधी बोललेला बरा.

ज्यांच्या नावानं आपण दरवर्षी जमतो, त्या सरांनी मला भूगोल शिकवला. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या रविवारी ते वर्गाला पर्वतीवर न्यायचे. १०३ पायऱ्या, हातात जाड कागद आणि पेन्सिल. वर गेलं की सांगायचे, ‘दिसतं तेवढंच काढा. आहे हे माहीत आहे म्हणून काढू नका.’ एकदा धुकं होतं. माझ्या शेजारच्या मुलानं सवयीनं नैर्ऋत्येला सिंहगड काढला. सरांनी खोडरबर मागून घेतला आणि अख्खा सिंहगड पुसून टाकला. तो मुलगा रडवेला झाला. मला त्या दिवशी कळलं, की दिसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची वेगळी नोंद ठेवावी लागते.

उंचावरून पाहायची हौस पुण्याला नवी नाही. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली. वाड्यात सात मजली इमारत होती आणि तिच्या माथ्यावरून आळंदीच्या मंदिराचा कळस दिसायचा, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आगीत ते मजले गेले, जोतं आणि तटबंदी उरली. कळस खरोखर दिसत होता का, हे आता तपासायला मजलाच शिल्लक नाही. पण ही कथा टिकली यातच काही कळतं. पुणेकराला सात मजल्यांचं कौतुक नव्हतं, आळंदी दिसण्याचं होतं.

दुसरी गोष्ट पर्वतीची. नानासाहेब पेशव्यांनी तिथं देवदेवेश्वर बांधला आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये तिथंच त्यांनी डोळे मिटले. १८१७ च्या नोव्हेंबरात, ५ तारखेला, खडकीची लढाई झाली. ती दुसऱ्या बाजीरावानं पर्वतीवरून पाहिली असं सांगतात. खिडकीसुद्धा दाखवतात. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. बाजीरावाला दिसलं सगळं. उपयोग काही झाला नाही.

पण आजच्या विषयाला खरा धरून असलेला प्रसंग याच्या सत्तर-एक वर्षांनंतरचा आहे, आणि तो इथून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर घडला. मंडईचा.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांना आपण शाळा आणि सत्यशोधक समाज यांच्यासाठी आठवतो. ते बांधकामातले जाणकार होते, हे विसरतो. त्यांनी कंत्राटं घेतली होती, चुना, दगड, मजूर यांचा भाव त्यांना ठाऊक होता. व्हॉइसरॉयच्या स्वागतासाठी पालिकेनं हजार रुपये खर्च करावेत असा ठराव आला, तेव्हा ३२ सभासदांत विरोधात मत देणारे ते एकटे. हे पैसे शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. मग मंडईचा प्रस्ताव आला. शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत, मध्ये अष्टकोनी गाभा, वर मनोरा, खर्च तीन लाखांच्या घरात. जोतीरावांचा त्यालाही विरोध. भाजीवाल्यांना छप्पर नको असं त्यांना वाटत होतं, असं समजू नका. एवढा पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि त्याऐवजी कशाला मिळत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ठराव मंजूर झाला. १८८६ मध्ये इमारत खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिचं रे मार्केट असं बारसं झालं.

पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. ज्यानं विरोध केला त्याचंच नाव. अत्र्यांना यातली गंमत कळली नसेल असं मी मानायला तयार नाही.

आता माझ्यापुढे अडचण आहे. मंडई मला आवडते. त्या मनोऱ्याकडे पाहिल्याशिवाय मी तिथून कधी पुढे गेलेली नाही. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं तिथं रोज भाजी विकली जाते आहे, इमारत कामाला आली आहे. मग जोतीराव चुकले का? माझं उत्तर असं, की इमारत चांगली निघाली म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. शिवाय मंडईचा मनोरा हा मंडईच्या डोक्यावर बसला आहे. खाली गाळे होते, भाडं होतं, गिऱ्हाईक होतं. निरीक्षण मनोऱ्याला खाली काही नसतं. तिथं विकायला एकच माल असतो : दृश्य. आणि हा माल विकणं किती कठीण आहे, ते जरा पाहू.

सगळ्यांना आयफेल आठवतो. त्याच्यावर पॅरिसच्या कलावंतांनी १८८७ मध्ये निषेधाचं पत्रक काढलं, हेही आठवतं. हिशेब मात्र कोणी आठवत नाही. अंदाजपत्रक साधारण ६५ लाख फ्रँकचं. सरकारनं १५ लाख दिले, बाकीचे आयफेलनं स्वतः उभे केले, आणि बदल्यात वीस वर्षं तिकिटाचं उत्पन्न घेतलं. मनोरा कोसळला असता किंवा लोक आले नसते तर आधी बुडणार होता आयफेल. १८८९ च्या प्रदर्शनात सुमारे १९ लाख माणसं वर गेली आणि तो तरला. सिएटलची स्पेस नीडल १९६२ ची, तिथंही तेच. खासगी गुंतवणूकदारांनी १२० फूट लांब आणि तेवढाच रुंद जमिनीचा तुकडा ७५ हजार डॉलरला विकत घेतला आणि स्वतःच्या पैशानं काम केलं.

आयफेलचा हेवा वाटून लंडनजवळ वेम्बलीला एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वेसम्राटानं त्याहून उंच मनोरा काढला. आधी त्यानं खुद्द आयफेललाच आराखडा करायला बोलावलं, तो नाही म्हणाला. मग स्पर्धा, समारंभ, कंपनी, भागभांडवल, सगळं रीतसर. मनोरा जेमतेम पहिल्या टप्प्यापर्यंत, १५० फुटांच्या आसपास पोचला. पाया खचू लागला, पैसा संपला. १९०७ पर्यंत तो पाडून टाकला आणि पुढे त्या जागेवर वेम्बलीचं फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं. हा किस्सा मला फार आवडतो, कारण यात बुडाले ते भागधारक. गावाच्या नळाला त्याची झळ लागली नाही.

ब्रायटनचं तसं झालं नाही, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हौशी लोकांचं गाव. लंडनकर तिथं रविवार घालवायला जातात, जसे आपण लोणावळ्याला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथं समुद्रालगत १६२ मीटर उंचीचा मनोरा सुरू झाला. त्याचे वास्तुरचनाकार लंडनचा मोठा पाळणा करणारेच. खांबाभोवती काचेचं कडं असलेला मजला वर सरकतो आणि खाली येतो. दिसायला देखणा. पैसे मात्र मुख्यतः पालिकेच्या मार्फत आले : तिथल्या सरकारी कर्ज मंडळाकडून पालिकेनं सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड उचलले आणि मनोऱ्याच्या कंपनीला पुढे उधार दिले. पालिकेची कल्पना अशी, की कमी व्याजानं घ्यायचं, जास्त व्याजानं द्यायचं आणि मधला फरक किनाऱ्याच्या सुधारणेला वापरायचा. कागदावर यात खोट नव्हती. मी असे कागद पाहिलेत. त्यात एक ओळ असते, ‘अपेक्षित वार्षिक पर्यटकसंख्या’, आणि तिच्याखालच्या सगळ्या ओळी तिच्या खांद्यावर उभ्या असतात.

पर्यटक अपेक्षेएवढे आले नाहीत. हप्ते थकले, मुदती वाढवल्या, मग कोविड आला. २०२४ च्या नोव्हेंबरात कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, डिसेंबरात दारं बंद झाली. व्याजासह वाढलेलं सुमारे ५ कोटी १० लाख पौंडांचं येणं पालिकेनं सोडून दिलं. आणि मनोरा? तो नव्या मालकाला दीड लाख पौंडांना गेला. आपल्या पैशात दीड-पावणेदोन कोटी. कोथरूडमध्ये एवढ्यात फ्लॅट येतो, पार्किंगसकट.

लोक का आले नाहीत, याचं उत्तर तुम्ही स्वतःलाच विचारा. गावातला माणूस असल्या ठिकाणी किती वेळा जातो? एकदा उद्घाटनानंतर, एकदा अमेरिकेहून भाचा आला म्हणून. देवळाला, बागेला, मंडईला आपण परत परत जातो, कारण तिथं काम असतं किंवा माणसं भेटतात. दृश्य मात्र एकदा पाहिलं की पाहून झालं. म्हणजे मनोऱ्याला सतत नवं, बाहेरचं गिऱ्हाईक लागतं. पॅरिसला ते आहे, टोकियोला आहे. पुण्यात बाहेरून रोज हजारो येतात ते नोकरीला, शिकायला आणि रुबी हॉलच्या ओपीडीला.

आता आपला हिशेब करू. पुणे महापालिकेनं २०१७ साली चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. समजा, उदाहरणापुरतं, एवढंच कर्ज याच दरानं मनोऱ्यासाठी काढलं. नुसतं व्याज झालं वर्षाला १५ कोटी १८ लाख. तिकीट २०० रुपये ठेवलं तर वर्षाला साडेसात लाखांहून जास्त माणसं लागतील. रोज दोन हजारांवर. पावसाळा धरून. यात मुद्दल नाही, वीज नाही, लिफ्टवाल्याचा पगार नाही. आणि ज्या कामासाठी ते रोखे काढले होते, ते पाणी आपल्याकडे चोवीस तास येतं की नाही, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरात अजून पिंप आहे.

लिफ्टवरून आठवलं. ग्लासगोला २००१ मध्ये १२७ मीटरचा मनोरा झाला. वाऱ्याच्या दिशेनं अख्खाच्या अख्खा फिरणारा. इंजिनिअर म्हणून टोपी काढावी अशी कल्पना. २००५ च्या जानेवारीत त्याच्या लिफ्टमध्ये दहा माणसं पाच तासांहून अधिक अडकून पडली. पुढे २०१० ते २०१४ तो बंदच होता. बांधणं एकदाच असतं, फीत कापायला पाहुणे मिळतात. वंगण घालणं रोजचं, आणि त्याला पाहुणे येत नाहीत. आपण तीन मजल्यांची लिफ्ट चालू ठेवू शकलो नाही, हे मी कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही. मी स्वतः ज्या कार्यालयात बसत होते तिथली लिफ्टही वर्षातले चार महिने ‘दुरुस्तीसाठी बंद’ असायची आणि तिच्यावरची पाटी छापील होती.

बरं, चालू आहे असं धरू. एका लिफ्टमध्ये २० माणसं, जाणं, येणं, दार उघडणं मिळून चार मिनिटं. तासाला ३००. दोन लिफ्टनी दहा तासांत सहा हजार. ही सगळ्यात चांगली परिस्थिती. आणि गणपतीचे दहा दिवस? लक्ष्मी रस्त्यावर खांद्याला खांदा लागलेला असताना त्याच गर्दीत मनोऱ्याची रांग कुठं उभी करणार? दिल्लीत १९८१ च्या ४ डिसेंबरला कुतुबमिनारच्या जिन्यात दिवे गेले आणि चेंगराचेंगरीत ४५ जीव गेले, बहुतेक शाळेतली मुलं. त्यानंतर तो जिना लोकांसाठी उघडलेला नाही. मुंबईच्या राजाबाई टॉवरवर चढणंही आत्महत्यांमुळे बंद झालं. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं दिलेल्या पैशातून १८७८ मध्ये तो पुरा झाला. आज लोक तो खालून पाहतात. दौलताबादच्या चांद मिनारचंही तसंच. आपल्याकडे मनोऱ्यांचा शेवट बहुधा कुलपात होतो.

आणखी एक अडचण आहे, ती मला सगळ्यात जास्त टोचते.

शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या सुधारित कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. हे वर्तुळ कसब्यातल्या, शनिवारातल्या जुन्या वाड्यांवरून जातं. त्या वाड्यांत माणसं भिंतींना टेकू लावून राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका त्यांना धोकादायक म्हणून नोटीस देते आणि नव्यानं बांधायला निघालं की कायदा आडवा येतो. मी टेबलाच्या अलीकडे बसून या लोकांना वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हटलेलं आहे. एका आजींनी मला विचारलं होतं, ‘बाई, माझ्या वरच्या खोलीनं पेशव्यांचं काय अडतंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, नियम होता. आता त्याच पेठांत, या वर्तुळाच्या जरा बाहेर म्हणा, पर्यटकांना बघायला म्हणून मनोरा उभा करायचा आणि त्यावरून काय दाखवायचं? टेकू लावलेली छपरं? आजींच्या घराला एक मजला नाही, आणि त्यांच्या अंगणात बघायला मात्र शंभर मीटर. हे मला सही करून कधी पास करता आलं नसतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल बाई सगळ्याच उंचीच्या विरोधात आहेत. नाही. मला उंचावरून पाहायला आवडतं, सरांनीच ती चटक लावली. माझं म्हणणं एवढंच आहे, की उंची आपल्याकडे भरपूर आहे, ती फक्त आपल्या वाट्याला येत नाही. बाणेरपासून खराडीपर्यंत गेल्या वीस वर्षांत किती उंच इमारती आल्या ते बघा. प्रीमियम भरून जादा चटईक्षेत्र मिळतं, मजले चढतात, आणि ज्या शहरानं ते क्षेत्र दिलं त्या शहराचा माणूस खालच्या वॉचमनच्या पुढे जात नाही.

लंडनच्या आर्थिक पेठेत, म्हणजे सिटीत, २०१८-१९ मध्ये एक प्रस्ताव आला होता. ‘ट्यूलिप’. ३०५ मीटर उंच देठ आणि वर कळी, फक्त पाहण्यासाठी. सिटीच्या पालिकेनं मंजूर केला, महापौर सादिक खान यांनी जुलै २०१९ मध्ये फेटाळला, अपील झालं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनंही नाही म्हटलं. टॉवर ऑफ लंडनच्या परिसराला बाधा आणि एवढ्याशा उपयोगासाठी ओतायचं एवढं सिमेंट-पोलाद, ही त्यातली मुख्य कारणं. पण त्याच पेठेत फेनचर्च स्ट्रीटवरच्या इमारतीच्या माथ्यावर २०१५ पासून बाग आहे आणि तिथं जायला पैसे पडत नाहीत. परवानगी देतानाच तशी अट होती. (ही तीच इमारत, जिच्या वाकड्या काचेवरून परतलेल्या उन्हानं खाली उभ्या केलेल्या गाडीचे भाग वितळले होते. वास्तुरचनाकारांनी जरा सूर्याकडेही बघावं.) बिशप्सगेटवरच्या आणखी उंच इमारतीत २०२३ मध्ये असाच विनामूल्य मजला उघडला. सगळं गोड नाही. आधी नाव नोंदवावं लागतं, तपासणी होते, बाग म्हणून जे सांगितलं होतं त्यापेक्षा उपाहारगृहच जास्त, अशी टीकाही झाली. तरी तिकीट शून्य, कर्ज शून्य, आणि लिफ्टचं वंगण इमारतीच्या मालकाचं.

टोकियोत तर सरकारी कचेरीच्या ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, कोणीही फुकट जातं. केन्झो तांगेंनी ती इमारत केली, १९९१ पासून लोक वर जात आहेत. आणि चेन्नईला मरीनावरचं दीपगृह. ते होतंच, लिफ्टसकट. २०१३ च्या नोव्हेंबरात त्याचा सज्जा लोकांना उघडला. नवं काही बांधलं नाही, फक्त कुलूप काढलं.

तेव्हा माझी पहिली मागणी अशी : पुण्यात यापुढे ठरावीक उंचीवरच्या व्यापारी इमारतीला परवानगी देताना माथ्यावरचा सज्जा आठवड्यातले काही दिवस लोकांना खुला ठेवायची अट घालावी. निवासी सोसायट्यांना ही अट घालू नये. तिथं भांडणं होतील, आणि ती पुणेरी भांडणं असतील. सरकारी इमारतींना आधी घालावी, म्हणजे बिल्डर विचारणार नाहीत की तुमचं काय.

आणि तोवर? तोवर मेट्रो आहे. वनाजकडून निघा आणि मुठा ओलांडा. दहा रुपयांपासून तिकीट आहे. नदीपात्र, नारायण-शनिवारची पाठ, झाडीतून डोकावणारी देवळं. हा मार्ग लकडी पुलावरून जाताना विसर्जनाच्या रथांना अडथळा होणार म्हणून किती वाद झाला ते आठवत असेल. आता त्याच पुलावरून बसल्या जागी मिरवणुकीचा रस्ता वरून दिसतो. निरीक्षण मनोऱ्याला चाकं लावली आहेत असं समजा.

दुसरी मागणी थोडी अवघड आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवरून पर्वती दिसायची. पापड वाळत घालताना आई पर्वतीकडे तोंड करून बसायची. काही खास भक्ती नव्हती, उन्हाकडे पाठ करायची तर तोंड तिकडे व्हायचं. समोर चार मजले झाले तेव्हा आधी शिखर गेलं, मग टेकडी. आम्ही तक्रार केली नाही. कशाबद्दल करणार? हवा, उजेड, सामासिक अंतर, सगळं नियमात होतं. दिसण्याला आपल्या नियमावलीत रकानाच नाही. पुढे मीही अशा नकाशांवर सह्या केल्या.

रकाना असू शकतो. लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या भोवतालच्या उंचीवर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बंधनं आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिचमंडच्या उद्यानात एक उंचवटा आहे. तिथून सुमारे १६ किलोमीटरवरचा तो घुमट दिसतो, झाडांच्या कुंपणात मुद्दाम राखलेल्या एका फटीतून. ती फट आणि मधली सगळी रेघ संरक्षित आहे. कॅनडात व्हँकुव्हरनं १९८९ मध्ये ठरवलं, की शहरातल्या ठरलेल्या जागांवरून पलीकडचे डोंगर दिसत राहिले पाहिजेत, आणि त्या पट्ट्यांत इमारतींची उंची बांधून टाकली. वाद तिथंही आहेत. घरं महाग होतात, असं विरोधक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. अलीकडे त्यांनी काही पट्टे सैलही केले. पण त्यांच्याकडे नकाशा आहे, म्हणून सैल करताना तरी चर्चा होते.

आपल्याकडे लोहगावच्या हवाई तळासाठी रंगीत नकाशे आहेत. कुठल्या भागात किती उंची, कुठं ना हरकत लागते, सगळं आखलेलं. विमानाला अडथळा नको म्हणून आपण इतकं नेटकं मोजतो. पर्वती, चतुःशृंगी, वेताळ टेकडी आणि स्वच्छ दिवशी सिंहगड कुठकुठल्या चौकातून, पुलावरून, बागेतून दिसतात याचा एक नकाशा करायला किती खर्च येईल? दोन इंजिनिअर, एक ड्रोन, एक हिवाळा. सारसबागेतून पर्वती अजून दिसते. निदान तिथून तरी सुरुवात करावी.

टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाचं भिजत घोंगडं आपण दोन दशकं पाहतो आहोत. जमीनमालकांचा आक्षेपही खोटा नाही, मोबदला अपुरा आहे असं ते म्हणतात. वेताळ टेकडीच्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. मनोऱ्यासाठी जो पैसा उभा करता येईल असं कोणाला वाटतं, तो त्या मोबदल्याकडे वळवला तर निसर्गानं आधीच बांधून ठेवलेले पाच-सहा मनोरे शहराच्या नावावर होतील. त्यांना पाया खणावा लागत नाही. आणि त्या उतारांवर आज राहतं कोण, तेही विसरू नका. पर्वतीच्या अंगावर जनता वसाहत आहे. पुण्यातलं उत्तम दृश्य ज्यांच्या दारातून दिसतं, ते पाण्याचे हंडे घेऊन त्या चढावर चढतात. त्यांच्याकडे दृश्याचं तिकीट काढायला कोणी गेलेलं नाही, आणि पायऱ्या नीट करायलाही फारसं कोणी गेलेलं नाही.

समितीतल्या एका तरुण मित्रानं काल फोनवर मला चांगलं पकडलं. म्हणाला, ‘मॅडम, असं बघितलं तर जगात एकही मनोरा उभा राहिला नसता.’ त्याला मी ओसाकाचं उदाहरण दिलं, आणि ते माझ्याच विरुद्ध जातं. ओसाकाच्या शिन्सेकाई नावाच्या बाजारपेठेत १९१२ मध्ये ‘त्सुतेनकाकु’ नावाचा मनोरा होता. १९४३ मध्ये आग लागली, आणि युद्धात लोखंड हवं म्हणून तो उतरवून नेला. युद्धानंतर त्या भागातल्या लोकांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली, पैसे जमवले आणि १९५६ मध्ये नवा मनोरा बांधला. १०३ मीटर, आपल्या पर्वतीच्या पायऱ्यांइतका आकडा. आजही तो चालतो. तिथं पालिकेनं लोकांवर मनोरा लादला नाही, लोकांनी हरवलेला मनोरा परत आणला.

म्हणून मी त्या मित्राला म्हटलं, उद्या बुधवार-शुक्रवार पेठेतल्या दुकानदारांनी आणि मंडळांनी मिळून स्वतःच्या वर्गणीतून मनोरा बांधायचं ठरवलं, तोटा झाला तर तो त्यांचाच असं लिहून दिलं, तर मी विरोध करणार नाही. वर्गणीची पावतीही फाडेन. पालिकेच्या तिजोरीतून म्हणाल तर आठव्या वर्षी हप्ता कोण भरणार, ते आधी एका कागदावर लिहून द्या. त्या कागदावर पर्यटकसंख्येचा अंदाज नको, नाव हवं.

सरांनी पुसलेल्या त्या सिंहगडाचा कागद त्या मुलानं जपून ठेवला होता. तो मुलगा आज आजोबा झाला आहे आणि दुसऱ्या रांगेत बसला आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा पर्वतीवर गेलो. सकाळी सात वाजता. हिवाळ्यात थंड हवा खाली दबून बसते आणि शहराचा धूर, धूळ तिच्यातच अडकते. सिंहगड दिसला नाही. त्यानं कागद काढला, नैर्ऋत्येचा कोपरा मोकळाच ठेवला, आणि म्हणाला, सरांनी आजही बरोबर म्हटलं असतं. मग नऊ वाजता ऊन तापलं, धूसर पडदा जरासा उठला आणि अगदी पुसट, पाण्यानं काढल्यासारखी रेघ दिसायला लागली. तोवर आम्ही निम्म्या पायऱ्या उतरलो होतो.

प्रश्न असतील तर घेते. लिफ्ट अजून बंदच आहे असं मला खूण करून सांगत आहेत, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी आधी निघावं, आणि दुसऱ्या जिन्याचा कठडा हलतो, तो धरू नका. भिंतीच्या बाजूनं उतरा.